बाबागाडी आणि धावणारी आई

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित महिला मेळाव्यात केलेले भाषण)



महिला मेळाव्यात बोलण्यासाठी एका कापड दुकानदाराला उभे करण्याचे धाडस संयोजकांनी केले, त्याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. मी साहित्यिक नाही, डॉक्टर तर नाहीच नाही. सांगलीच्या कापड पेठेत चाळीसहून अधिक वर्षे गज आणि मीटर मोजण्यात गेली. शिक्षण म्हणाल तर बी.कॉम., तेही दुकान सांभाळून कसेबसे पूर्ण केलेले. “कुटुंबातील स्त्रीचे आरोग्य” असा विषय मला देण्यात आला, तेव्हा प्रामाणिकपणे सांगतो, मी नकार देणार होतो. या विषयावर बोलण्याचा अधिकार मला कोणत्या तोंडाने सांगता येईल, असा प्रश्न होता. घरी हे बोललो, तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “अधिकार नसू दे. जे झालं ते सांगा.” म्हणून जे झाले तेच आज आपणांपुढे ठेवणार आहे. त्यात माझी बाजू फारशी शोभेची नाही, हे आरंभीच नमूद करतो.

माझा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातील प्लेन्सबरो या गावी राहतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांना कन्यारत्न झाले. बाळंतपणासाठी सूनबाईंच्या मातोश्री पुण्याहून गेल्या होत्या. परदेशात मुले असणाऱ्या पालकांना ही पाळी ठाऊकच आहे. सहा महिने एका घरच्या आजीने काढायचे, पुढचे सहा महिने दुसऱ्या घरच्या आजी-आजोबांनी. त्याप्रमाणे मार्चअखेरचे हिशेब पूर्ण करून आम्ही उभयता एप्रिल २०२३ मध्ये तेथे पोहोचलो. नात पाच महिन्यांची होती. गोरीपान, गुटगुटीत, आजोबांच्या चष्म्यावर विशेष प्रेम असलेली.

सूनबाई मात्र मला निराळी वाटली. लग्न होऊन आली तेव्हा ही मुलगी घरभर बोलत असे. आता विचारले तेवढेच उत्तर देई. बाळाचे सारे वेळच्या वेळी करी, पण करताना चेहऱ्यावर काही उमटत नसे. दुपारी बाळ झोपले की स्वतः न झोपता खिडकीशी बसून राही. घरात डिंकाचे लाडू होते, अळिवाची खीर होती, भांडी धुण्यास यंत्र होते, नवरा स्वभावाने गरीब होता. मला वाटले, हिला कमी काय आहे? आमच्या पिढीतील पुरुषांचा हा आवडता प्रश्न आहे. माल भरपूर आहे म्हणजे दुकान चालते, असे समजण्यासारखा.

मे महिन्यात एके दिवशी मुलाने गाडीतून एक चमत्कारिक वस्तू उतरविली. तीन चाकांची बाबागाडी. पण चाके सायकलसारखी मोठी आणि हवा भरायची, मागे दोन, पुढे एक. शेजारच्या वसाहतीतील एका कुटुंबाकडून ऐंशी डॉलरला जुनी घेतलेली. मी सवयीने मनातल्या मनात रुपये केले, साडेसहा हजार झाले. “हिच्यात बाळाला बसवून ती धावायला जाणार आहे,” असे मुलगा म्हणाला. त्यापूर्वी महिनाभर सूनबाई सकाळी एकटीच अर्धा तास बाहेर जात असे. ती चालायला जाते अशी माझी समजूत होती. ती धावत होती, हे मला त्या दिवशी कळले.

आणि मी बोललो. सूनबाईला उद्देशून नव्हे, मुलाला उद्देशून. परंतु ती स्वयंपाकघरात आहे हे पाहून, तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. “तान्हं मूल घेऊन आईनं रस्त्यानं धावायचं, हे आपल्या घरात शोभत नाही. मुलाला काही झालं म्हणजे?” मुलगा गप्प बसला. स्वयंपाकघरातून नळाचा आवाज तेवढा येत राहिला. त्या दिवसापासून सूनबाईचे सकाळचे जाणेही बंद झाले. तिने तक्रार केली नाही, तोंड फुगविले नाही. बाबागाडी गॅरेजमध्ये भिंतीला लावून ठेवली गेली. मला वाटले, माझे म्हणणे तिला पटले.

बंधू-भगिनींनो, आठ-दहा दिवस असे गेले. एका रात्री दिवा मालवल्यावर सौभाग्यवती अंधारात म्हणाल्या, “अहो, मामंजींनी मला असंच एकदा थांबवलं होतं, तुम्हांला ठाऊक आहे का?” मला ठाऊक नव्हते.

आमचा मुलगा ऑक्टोबर १९८७ चा. माहेरचे बाळंतपण उरकून सौभाग्यवती १९८८ च्या संक्रांतीला सांगलीस परतल्या. दुकान खाली, घर वर. लग्नसराईचे दिवस, बस्ते बांधायला सकाळपासून गाड्या भरून लोक येत. मी रात्री दहाला वर जाई, जेवून आडवा होई. त्या दिवसांत त्यांना विनाकारण रडू येत असे, हे मला त्या रात्री, पस्तीस वर्षांनी, प्लेन्सबरोच्या त्या खोलीत प्रथम कळले. मागच्या खोलीत चादरींचे गठ्ठे रचलेले असत. त्यांच्या आड बसून त्या रडत, कारण गठ्ठ्यांमुळे आवाज बाहेर जात नसे. कापड आवाज शोषून घेते, हा गुण मी गिऱ्हाइकांना पडद्याचे कापड विकताना कितीदा सांगितला असेल! रात्री मूल झोपले की त्या गच्चीवर जाऊन भराभर फेऱ्या घालीत. शंभर फेऱ्या मोजून खाली येत. तेवढे केले की दुसरा दिवस निभावता येई, असे त्या म्हणाल्या. पंधरा-वीस दिवस हे चालले. मग एका रात्री माझ्या वडिलांनी खालून विचारले, “कोण आहे वर? एवढ्या रात्री कसल्या फेऱ्या?” बस, एवढेच. वडील मनाने वाईट नव्हते. त्यांना काळजीच वाटली असेल. पण दुसऱ्या दिवसापासून फेऱ्या थांबल्या.

“मग पुढे?” मी विचारले.

“पुढे काय? दिवस गेले. वर्षभरानं बरं वाटायला लागलं.”

वर्षभर! त्या वर्षीची उलाढाल मला आजही आकड्यानिशी सांगता येईल. घरातले माणूस मागच्या खोलीत बसून वर्ष कसे काढत आहे, याची नोंद मात्र माझ्या कोणत्याच वहीत नाही.

नंतर मी या विषयाची माहिती मिळवली, मुलाकडून समजून घेतली, तेथील डॉक्टरांशी बोललो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार, नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांपैकी जगभरात सुमारे १३ टक्के आणि विकसनशील देशांत जवळजवळ २० टक्के स्त्रियांना मानसिक आजाराला, मुख्यतः नैराश्याला, तोंड द्यावे लागते. म्हणजे पाचांत एक. आज या सभागृहात समोर बसलेल्या भगिनींकडे पाहून हा हिशेब मी करीत आहे आणि तो बी.कॉम.चा नसून साधा पाढ्यांचा आहे. हे दुखणे नखऱ्याचे नाही, दृष्ट लागण्याचेही नाही. ज्यांना ते तीव्र स्वरूपात होते त्यांना डॉक्टरांचे औषध आणि समुपदेशन लागते. केवळ फिरून वा धावून ते जाईल असे कृपया कोणी माझ्या नावावर सांगू नये. परंतु शरीर हलते राहिल्याने मनालाही उभारी येते, हे डॉक्टर मान्य करतात. त्याच संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत बाळंतिणींनीही, प्रकृतीची काही अडचण नसेल तर, आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा असे म्हटले आहे. सूनबाईला तिच्या डॉक्टरांनी हेच सांगितले होते. घरात हे मुलाला माहीत होते, सौभाग्यवतींना माहीत होते. मला कोणी सांगितले नव्हते. का सांगितले नसेल, याचा विचार मी त्या रात्री बराच वेळ केला.

सकाळी लवकर उठून गॅरेज उघडले. बाबागाडीची चाके मऊ पडली होती. सायकलचा पंप शोधून तिन्ही चाकांत हवा भरली. मग धंद्याची सवय म्हणून गाडीचे कापड पाहू लागलो. आसनाचे कापड जाड नायलॉनचे, आतून मऊ थर दिलेला. बाळाला बांधण्याचे पट्टे निवारीसारखे घट्ट विणीचे, दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक पायांमधून, असे पाच. सर्व एका बकलात येतात. एके ठिकाणची शिवण उसवली होती. सौभाग्यवतींच्या डब्यातून जाड दोरा आणून ती मी दुहेरी घातली. तेवढ्यात सूनबाई दारात येऊन उभी राहिली. तिला काय म्हणावे हे मला सुचेना. “चाकांत हवा कमी होती,” एवढेच मी म्हणालो. ती थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “अण्णा, तुम्ही येता का बरोबर?”

या बाबागाडीची थोडी माहिती सांगतो, कारण ती मला फार रोचक वाटली. मुलांची गाडी मुळात बड्या घरची चैन. १७३३ मध्ये इंग्लंडमधील विल्यम केंट या वास्तुरचनाकाराने डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची गाडी तयार केली. ती ढकलायची नव्हे, लहानशा जनावराने ओढायची होती. पुढे ढकलायच्या गाड्या आल्या, पण जड. १९६५ मध्ये ओवेन मॅक्लारेन या निवृत्त विमान अभियंत्याने छत्रीसारखी मिटणारी, अवघी तीन किलोच्या आसपास वजनाची अॅल्युमिनियमची गाडी बनविली. दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलेला हा माणूस. त्याची मुलगी परदेशातून बाळाला घेऊन आली, जड गाडीने तिची झालेली ओढाताण त्याने पाहिली आणि नातीसाठी हलकी गाडी करावयास घेतली. असेही आजोबा असतात! धावण्याची गाडी मात्र अमेरिकेतली. १९८० च्या दशकात वॉशिंग्टन राज्यातील याकिमा येथे वर्तमानपत्रात काम करणाऱ्या फिल बेकलर नावाच्या गृहस्थांना मुलगा झाला. मुलाला सांभाळायचे की धावायला जायचे, असा पेच पडला. त्यांनी मुलाच्या गाडीला सायकलची चाके बसविली. त्यातून “बेबी जॉगर” नावाची गाडी बाजारात आली. गंमत अशी की, ती बनविली एका बापाने.

साध्या गाडीची चाके लहान व कडक, पुढची चाके गरगर फिरणारी. वेगात खड्ड्यात अडकली की गाडी उलटते. धावण्याच्या गाडीत हवेची चाके हादरे झेलतात, आणि धावताना पुढचे चाक सरळ दिशेत अडकवून ठेवायचे असते, म्हणजे ते एकाएकी वळत नाही. दांड्याला एक लांब पट्टा असतो. तो आईने मनगटात घालायचा, हात सुटला तरी गाडी सुटत नाही. या पट्ट्याची किंमत मला पुढे एका उतारावर कळली. आणि मुलाचे वय. मान पक्की धरता आली पाहिजे. साधारण सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला घेऊन धावू नये. काही डॉक्टर आठ महिने म्हणतात. आमच्या नातीला मेअखेर सहा महिने झाले आणि तिच्या डॉक्टरांनी तपासून होकार दिला, त्यानंतरच ती गाडीत बसली. मी ज्या दिवशी “मुलाला काही झालं म्हणजे?” असे म्हणालो, त्या दिवशी हे सारे सूनबाईला आधीच माहीत होते. तिने डॉक्टरांना विचारले होते, लिहून ठेवले होते. काळजी करण्याचा मक्ता जणू माझ्याकडेच होता!

आईच्या शरीराबद्दलही दोन शब्द बोलले पाहिजेत. पुरुषाने ते सभेत बोलावेत की नाही याचा संकोच आहे. परंतु आपल्या घरांतून ते कोणीच बोलत नाही, म्हणून बोलतो. गर्भारपणात आणि प्रसूतीत ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले जातात, पोटाचे स्नायू मधोमध विलग होतात, सांधे सैल झालेले असतात. बाळंतीण वरून हिंडू-फिरू लागली तरी आतले शरीर सावरायला वेळ लागतो. २०१९ मध्ये ब्रिटनमधील फिजिओथेरपी तज्ज्ञांनी सिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेनुसार प्रसूतीनंतर किमान तीन महिने धावू नये. आधी चालणे, मग त्या स्नायूंचे व्यायाम, मग थोडे थोडे धावणे. खोकताना-शिंकताना लघवी सुटणे, ओटीपोटात जडपणा वाटणे ही लक्षणे असतील तर धावणे थांबवून तज्ज्ञांना दाखवावे. आपल्याकडे हे “बायकांना होतंच” म्हणून आयुष्यभर सहन केले जाते. सव्वा महिन्याच्या विश्रांतीची आपली रीत काही मूर्खपणाची नव्हे. त्या विश्रांतीनंतर पुढे काय, हे मात्र आपण कोणी सांगत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईच्या दुधावर बेताच्या व्यायामाने परिणाम होत नाही, हेही मी डॉक्टरांना विचारून घेतले आहे, कारण घरी परतल्यावर पहिला प्रश्न हाच येणार हे मला ठाऊक होते. तसा तो आलाच.

तर जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. गावापासून थोड्या अंतरावर डेलावेअर आणि रॅरिटन नावाचा जुना कालवा आहे. १८३० च्या दशकात खणलेला. खणणाऱ्यांत आयर्लंडहून आलेले मजूर पुष्कळ होते. काठावरच्या वाटेने खेचरे चालत आणि दोराने मालाच्या नावा ओढीत. गेल्या शतकात वाहतूक बंद पडली आणि आता ती खेचरांची वाट चालणाऱ्या-धावणाऱ्यांसाठी राखली आहे. सपाट, बारीक खडीची, दोन्ही बाजूंना झाडी. ओंडक्यांवर कासवे ओळीने ऊन खात बसलेली असतात. कृष्णेकाठी वाढलेल्या माणसाला पाणी दिसले की बरे वाटते.

पहिल्या दिवशी सूनबाई एक मिनिट धावली आणि दोन मिनिटे चालली. पुन्हा एक मिनिट, पुन्हा दोन. मला वाटले होते, ती वाऱ्यासारखी सुटेल. गाडी अकरा-बारा किलोची, मूल सात किलोचे. तेवढे ढकलत धावणे म्हणजे काय, हे मी नंतर स्वतः ढकलून पाहिले आणि पन्नास पावलांत दम लागला. ती एका हाताने गाडी ढकलीत असे, दुसरा हात धावताना हलतो तसा हलू देई, थोड्या वेळाने हात बदली. मी मागून चालत येई. ती पुढे जाऊन वळून येई, मला ओलांडून मागे जाई, पुन्हा मागून येऊन पुढे जाई. अशा रीतीने सासरे-सून एकत्र फिरले, असे म्हणता येईल.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती वळून येत असता मी तिचा चेहरा पाहिला. घाम, केस विस्कटलेले, तोंड लाल. आणि ती नातीशी बोलत होती. धापा टाकीत, तुटक शब्दांत, कासवे दाखवीत होती. दीड महिन्यात प्रथमच मी तिचा तो लग्नाआधीचा आवाज ऐकला.

एकदा लाकडी पुलावरून उतरताना तिच्या पायाखालचा दगड सरकला आणि ती गुडघ्यावर आपटली. दांडा हातातून सुटला. गाडी दोन हात पुढे गेली आणि मनगटाच्या पट्ट्याने थांबली. मी पन्नास पावलांवर होतो. पोहोचेपर्यंत माझ्या छातीत काय झाले ते मलाच माहीत. नात हसत होती. सूनबाईने गुडघा पुसला, माझ्याकडे पाहिले, आणि मला कळले की ती माझ्या बोलण्याची वाट पाहत आहे. शोभत नाही, मी सांगितलं होतं, वगैरे. “पट्टा चांगला आहे,” मी म्हणालो. “निवारीचं काम पक्कं आहे.”

माझी फजितीही सांगतो. जुलैत तेथे ऊन कडक होते. मी म्हटले, चाळीस वर्षे कापडात घालविली, नातीसाठी एवढे करू. सौभाग्यवतींनी सांगलीहून नेलेल्या पांढऱ्या मलमलीचा पडदा शिवून मी गाडीच्या पुढच्या बाजूस लावला. मलमल म्हणजे हवा खेळती, असा माझा सिद्धांत. सूनबाईने पाहिले आणि शांतपणे म्हणाली, “अण्णा, पाच मिनिटांनी आत हात घालून बघा.” घातला. आत भट्टी! कापड कितीही विरळ असो, समोरून झाकले की आतली हवा कोंडते आणि तापते. तान्ह्या मुलाला ते धोक्याचे असते. गाडीचे वरचे छत्र पुरेसे, आणि उन्हाच्या आधी जाऊन येणे सर्वांत उत्तम. कापडाबद्दलचा हा धडा मला कापड न विकणाऱ्या मुलीने दिला. पडद्याचे पुढे दोन रुमाल केले.

त्यानंतर आम्ही पहाटे किंवा मग सायंकाळी जात असू. जूनमध्ये तेथे सूर्य साडेआठला मावळतो, त्यामुळे आपल्या रीतीप्रमाणे सातला जेवण उरकूनही पुष्कळ उजेड उरतो. जेवल्यावर धावता येत नाही म्हणून ती आधी धावे आणि मग सर्व मिळून चालत असू, सौभाग्यवतीही येत. त्यांना मी एकदा विचारले, “शंभर फेऱ्या झाल्या का?” त्या म्हणाल्या, “मोजायची सवय सुटली आता.”

आपल्यातील काही मंडळींना वाटेल की, हे अमेरिकेतले फॅड आहे. मलाही तसेच वाटले होते. परंतु धावणाऱ्या स्त्रीला अडविण्याचे काम तेथील लोकांनीही काही कमी केलेले नाही. १९२८ च्या ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत झाली आणि स्त्रियांना एवढे अंतर झेपत नाही असा गवगवा करून ती बंद करण्यात आली, ती थेट १९६० पर्यंत. बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये स्त्रियांना अधिकृत प्रवेश १९७२ मध्ये मिळाला. ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ मध्ये आली. हॉलंडच्या फॅनी ब्लँकर्स-कोएन दोन मुलांची आई असताना, वयाच्या तिसाव्या वर्षी, १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये उतरल्या. मुलांना सोडून धावायला कशाला, घरी बसावे, अशी टीका त्यांच्यावर झाली. त्यांनी चार सुवर्णपदके मिळविली. इंग्लंडच्या पॉला रॅडक्लिफ यांना जानेवारी २००७ मध्ये मुलगी झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी न्यूयॉर्कची मॅरेथॉन जिंकली. २०१९ मध्ये अमेरिकेतील माँटाना राज्यातील सिंथिया अर्नोल्ड यांनी तीन मुलांना एकाच गाडीत बसवून, ती ढकलीत, संपूर्ण मॅरेथॉन ३ तास ११ मिनिटांत पुरी केली. बेचाळीस किलोमीटर! ही असामान्य माणसे आहेत. आमची सूनबाई त्यांतली नव्हे. त्या ऑक्टोबरपर्यंत ती सलग पाच किलोमीटर धावू लागली, आणि तेवढेच तिला हवे होते. आम्ही परत आल्यावर तेथील एका स्थानिक शर्यतीत गाडीसह धावली. बऱ्याच शर्यतींत बाबागाडीला परवानगी नसते, गर्दीत इतरांना धोका होतो म्हणून; हिच्यात होती. मी फोनवर विचारले, नंबर कितवा आला? दुकानदाराला आकडा लागतो. ती म्हणाली, “अण्णा, नंबर नाही पाहिला. ती पूर्ण वेळ झोपली होती.”

आता सांगलीत हे कसे व्हावे? रस्त्यावर शक्य नाही, हे मी मान्य करतो. खड्डे, दुचाक्या, भटकी कुत्री, फुटपाथवर मांडलेला माल. त्यात पूर्वी आमच्या दुकानाचाही असे. आमराईत पहाटे फिरायला पुष्कळ लोक येतात, मीही जातो. तेथे माझ्या वयाचे पुरुष भरपूर, मध्यमवयीन भगिनी काही. तान्हे मूल असलेली आई मात्र मी अजून एकही पाहिलेली नाही. त्या सर्व त्या वेळी घरी आमच्यासाठी चहा करीत असतात. विश्वस्तांना एक विनंती करतो. आपल्या मंगल कार्यालयाच्या मागचे फरसबंद आवार सकाळी सहा ते साडेसात रिकामेच असते. मी पावलांनी मोजले आहे. एक फेरी सुमारे १८० पावलांची होते. फाटक लावून घेतले तर वाहनाची भीती नाही. लग्नाच्या तिथी वगळून तेवढा वेळ ते तरुण मातांसाठी उघडे ठेवावे. धावायचे की चालायचे ते त्या ठरवतील. सासऱ्यांनी त्या वेळी घरी थांबून चहा स्वतः करून घ्यावा; करता येतो, मी शिकलो आहे.

गेल्या डिसेंबरात मुलगा, सूनबाई आणि नात महिनाभर सांगलीस येऊन गेले. नात आता गाडीत बसायला तयार नाही. तिला स्वतःच धावायचे असते, तेही दुकानात, तागे रचलेल्या फळ्यांमधून. म्हणून ती तीन चाकांची गाडी विमानातून येताना त्यांनी इकडे आणली. ती आज कार्यालयाच्या दाराशी उभी करून ठेवली आहे. येताना आपण पाहिली असेल. आसनाचे कापड मी नवीन घातले आहे, सुती, धुता येणारे. ज्या भगिनीला हवी असेल तिने आजच घेऊन जावी आणि आपले मूल मोठे झाले की पुढच्या घरी द्यावी. चाकांत हवा सकाळी मी भरली आहे. पंपही सोबत ठेवला आहे.